नेपाळच्या पहाडात मेडिकल कॅम्प लावताय? मग सुया-सिरिंज आणि जाळायच्या कचऱ्याचं आधी बघा

दिवाळी झाली की आपल्याकडचे ग्रुप सुटतात. दोन डॉक्टर, एक डेंटिस्ट, तीन-चार नर्स आणि बाकी ट्रेकर पब्लिक, औषधांची खोकी घेऊन एलटीटीवरून गोरखपूरची गाडी पकडायची, पुढे सोनौलीची बॉर्डर आणि मग वर पहाडात. औषधांची यादी असते, गरम कपड्यांची यादी असते, कचऱ्याची यादी कोणाकडेच नसते. मी परळला एका हॉस्पिटलात सीएसएसडीत काम करतो, म्हणजे जिथे ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक होतात तो विभाग, आणि बायोमेडिकल वेस्टचं रजिस्टरही माझ्याच गळ्यात आहे, त्यामुळे जाणारे सगळे शेवटच्या आठवड्यात मलाच फोन करतात की अरे तिकडे सुयांचं काय करायचं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी एक समजून घ्या, आपल्याला मुंबईत लाड झालेत. पिवळी पिशवी बांधली, बारकोड चिकटवला, ४८ तासांच्या आत गाडी येऊन घेऊन जाते, विषय संपला. पुढे त्याचं काय होतं ते निम्म्या स्टाफला माहीतही नसतं. आपल्या २०१६च्या नियमांप्रमाणे ते इन्सिनरेटर, म्हणजे कचरा जाळायची मोठी भट्टी, दोन चेंबरचं लागतं, पहिल्यात ८०० डिग्री, दुसऱ्यात १०५० डिग्री (दोन्हीकडे ५० इकडेतिकडे चालतं), दुसऱ्या चेंबरमध्ये धूर कमीत कमी २ सेकंद थांबला पाहिजे आणि चिमणी ३० मीटर. एवढं सगळं असूनही गोवंडीकर त्या धुराला कंटाळून हायकोर्टात गेले आणि २०२३ मध्ये कोर्टाने प्लँट दोन वर्षांत दुसरीकडे हलवा म्हणून सांगितलं. आता विचार करा, पहाडात स्वास्थ्य चौकीच्या (तिकडचा सरकारी दवाखाना) मागे जी भट्टी असते ती विटांची, हाताने पेटवायची, चिमणी चार-पाच मीटरची, आणि बाजूलाच कोणाचं तरी बटाट्याचं शेत. कित्येक ठिकाणी तेवढंही नसतं, नुसता खड्डा.

तर माझं मत सरळ आहे, जाळणं हे सगळ्यात शेवटचं काम. तुम्ही जेवढं कमी जाळाल तेवढं चांगलं, आणि ते कमी करायचं काम मुंबईतच सुरू होतं.

निघायच्या आधीचं सांगतो. डब्ल्यूएचओचा हिशोब असा आहे की दवाखान्यातला साधारण ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच असतो, पुठ्ठे, कागद, चहाचे कप, आणि फक्त १५ टक्के धोक्याचा. पण हे दोन्ही एका पिशवीत गेले की सगळाच धोक्याचा. म्हणून औषधांची बाहेरची खोकी, माहितीपत्रकं, प्लास्टिकची गुंडाळणं हे सगळं इथेच काढा, फक्त स्ट्रिप आणि बाटल्या न्या, बॅच नंबर आणि एक्सपायरी दिसेल एवढं बघा. तोंडाने औषध देऊन काम होत असेल तर इंजेक्शन नको. "पेशंटना सुई दिली की बरं वाटतं" हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय, पण ती सुई नंतर तिथल्या माणसाला उचलावी लागते. एक्सपायरीला जवळ आलेली औषधं दान म्हणून नेऊ नका, तिथे पोचल्यावर वर्षभर तरी चालली पाहिजेत हा डब्ल्यूएचओचाच नियम आहे, नाहीतर तुम्ही औषध नाही, कचरा डोनेट करताय.

खरेदी प्रिन्सेस स्ट्रीटला होऊन जाते. सेफ्टी बॉक्स घ्या, म्हणजे वापरलेल्या सुया-सिरिंज टाकायच्या पेट्या, ते पुठ्ठ्याचे ५ लिटरवाले, एकात साधारण १०० सिरिंज बसतात. ग्लोव्ह्ज लॅटेक्स किंवा नायट्राइल, व्हिनाइलचे अजिबात नको. पिशव्या नॉन-क्लोरिनेटेड, आपल्याकडे आता नियमाने त्याच मिळायला हव्यात पण तरी विचारून घ्या. हा हट्ट का ते सांगतो. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, त्यात क्लोरीन असतं, आणि क्लोरीनवाली वस्तू कमी आचेवर जळली की डायॉक्सिन आणि फ्युरान बनतात, हे जगातल्या सगळ्यात विषारी गोष्टींपैकी, मातीत आणि दुधात-चरबीत वर्षानुवर्षं राहतात. २००१च्या स्टॉकहोम करारात मेडिकल वेस्टची इन्सिनरेटरं नाव घेऊन आहेत ती याच्यासाठी. गंमत म्हणजे जाळ चांगला पेटला तरी सुटका नाही, धूर गार होताना साधारण ४५० ते २०० डिग्रीच्या मधे हेच परत तयार होऊ शकतात, त्यामुळे खरा उपाय एकच, भट्टीत क्लोरीन जाऊच द्यायचं नाही. सलाइनच्या नळ्या, युरिन बॅग, ब्लड बॅग हे बहुतेक पीव्हीसीच असतं. साधी सिरिंज मात्र पॉलिप्रॉपिलिनची, ती जळते पण बरी आणि जाळाला मदतही करते.

मग तिथल्या लोकांना फोन लावा. गाउँपालिकेत (तिकडची ग्रामपंचायत म्हणा) किंवा चौकीवर जे आरोग्य कर्मचारी असतात त्यांना विचारा: गाव किती उंचीवर आहे, वीज किती तास असते, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) आहे का, भट्टी आहे का आणि ती पेटवतं कोण, बाळंतपणाची वार टाकायचा वेगळा खड्डा आहे का. नेपाळच्या २०११च्या कायद्याप्रमाणे मेडिकल कचरा ज्याने केला त्याचीच जबाबदारी, म्हणजे कॅम्प तुमचा तर कचरा तुमचा. तो परत मुंबईला आणू असं म्हणत असाल तर विसरा, वापरलेल्या सुया बॉर्डरवरून आणायला कोण देणार, आणि एव्हरेस्टच्या वाटेवरच्या लुक्लाच्या छोट्या विमानातही भरलेली पेटी चढवणार नाहीत असंच धरून चाला. जमत असेल तर गाडीने जिल्हा हॉस्पिटलपर्यंत न्यायची सोय आधी बोलून ठेवा, ती सगळ्यात चांगली. काठमांडूचं बीर हॉस्पिटल, नेपाळमधलं सगळ्यात जुनं, त्यांनी तर जाळणं बंद करून कचरा वेगळा करायचा, ऑटोक्लेव्ह करायचा आणि प्लास्टिक भंगारात विकायचं अशी पद्धत बसवलीय. आपण मुंबईवाले शिकवायला जातो पण यात ते आपल्यापुढे आहेत.

आता उंचीचं, कारण इथे मुंबईचं शिक्षण उलटं पडतं. आपण समुद्राच्या पातळीवर राहतो, त्यामुळे "१५ पीएसआय म्हणजे १२१ डिग्री" हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय (पीएसआय हे दाबाचं माप). पण ऑटोक्लेव्हचा काटा बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे तेवढंच दाखवतो. लुक्लाच्या वरचं नामचे बाजार हे गाव ३४४० मीटरवर, तिथे हवेचा दाब आपल्या दोन-तृतीयांशच, पाणी ८८-८९ डिग्रीला उकळतं, त्यामुळे काट्यावर १५ दिसले तरी आत तापमान ११५च्या आसपासच असतं. १२१ गाठायचं तर काट्यावर २० लागतात. सोपा हिशोब, दर १००० फुटांमागे अर्धा पीएसआय वाढवायचा. घरचा कुकर घेऊन जाणाऱ्यांनी हे नीट ऐका, त्याची शिटी १५लाच उडते, म्हणजे तो तिथे १२१ला जाऊच शकत नाही, आणि म्हणून शिटीवर वजन ठेवणं किंवा सेफ्टी व्हॉल्व्हशी खेळणं असले उद्योग करू नका, कुकर फुटला तर कॅम्प तुमच्यासाठीच लावावा लागेल. ऑटोक्लेव्हवर २० चढवायचे ते पण त्याच्या प्लेटवर तेवढा दाब झेपतो असं लिहिलं असेल तरच. पाणी नीट उकळून आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्या, मग व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब आल्यावर घड्याळ लावा. कचऱ्यासाठी आपला नियम १२१ डिग्रीला ६० मिनिटं, ती ६० मिनिटं हत्यारांच्या १५-२० मिनिटांशी गल्लत करू नका. पेटीच्या मधोमध इंडिकेटर स्ट्रिप ठेवा, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी पट्टी, बाहेर चिकटवायची टेप पुरेशी नाही कारण बाहेरचं तापतंच, प्रश्न आतल्याचा असतो. स्ट्रिपचा रंग पूर्ण बदलला नाही तर ती खेप परत लावायची, "जवळजवळ बदललाय" असं काही नसतं.

ऑटोक्लेव्ह चालू असेल तर भट्टी पेटवूच नका, माझं ऐकाल तर. पण वीज नाही, रॉकेल नाही, चौकीच्या मागच्या खोलीत लसीकरणाच्या पेट्या छतापर्यंत साचल्यात आणि आजूबाजूला पोरं खेळतायत, अशा ठिकाणी नीट चालवलेली भट्टी ही उघड्या खड्ड्यात टाकून पेटवण्यापेक्षा शंभर पटीने बरी. खड्ड्यात जाळ ४००च्या पुढे मुश्किलीने जातो, प्लास्टिक वितळतं आणि सुया तशाच राहतात, वर काळ्या.

छोट्या भट्ट्यांचं एक ठरलेलं मॉडेल आहे, इंग्लंडच्या डी मॉन्टफर्ट युनिव्हर्सिटीत बनवलेलं, आफ्रिका-आशियात खूप ठिकाणी बांधलंय. बाहेरून चौकोनी विटांचं धूड, आतून दोन चेंबर, पहिल्यात कचरा जळतो आणि तो धूर खालच्या भोकातून दुसऱ्यात जाऊन परत जळतो, मग चिमणी. ताशी १० ते १२ किलोची कपॅसिटी, पण ते खाली. वर हवा विरळ, म्हणजे जाळाला ऑक्सिजन कमी आणि चिमणीची ओढही कमी, म्हणून तीन हजार मीटरवर असाल तर वेग निम्म्यावर आणा. घाई करायचं हे कामच नाही.

पेटवायच्या आधी भट्टीभोवती एक चक्कर मारा. आतल्या विटांना बोट जाईल एवढी भेग असेल, दार नीट बसत नसेल, चिमणीची गंजून चाळण झाली असेल तर पेटवू नका, कारण धूर दुसऱ्या चेंबरला न जाता भेगेतूनच बाहेर येणार. पावसाळ्यात भिजलेली भट्टी एकदम तापवली तर विटा तडकतात, आधी थोड्या काटक्यांचा हलका जाळ करून वाळवून घ्यायची. सरपण सुकं पाहिजे, आणि ते कुठून आणणार ते आधी विचारा. सागरमाथा (एव्हरेस्ट) नॅशनल पार्कच्या हद्दीत झाड तोडता येत नाही, आणि गावातल्या बाईने हिवाळ्यासाठी रचलेली मोळी "कॅम्पसाठी द्या" म्हणून उचलणं बरं दिसत नाही, पैसे द्या.

वेळ पण महत्त्वाची. पहाटे दरीत गार हवा बसलेली असते, धूर वर जातच नाही, गावावर चादरीसारखा पसरून राहतो. दुपारी वारा उलटा भट्टीत शिरतो, जोमसोमला तर वारा असा की विमानं सकाळीच उडून घेतात. म्हणून ऊन चढलं की, साधारण नऊच्या सुमारास पेटवा आणि वारा सुटायच्या आत आटपा. त्या बाजूच्या घरांना आदल्या दिवशी सांगा, कपडे आणि धान्य आत घेतील.

मग खरं काम. एका चौकीवर मी बघितलेली पद्धत सांगतो, तिथले कार्यालय सहयोगी (आपल्याकडचा शिपाई) दाइ होते, मोजकं बोलणारे, पण भट्टी त्यांच्याइतकी मी कोणाला कळलेली बघितली नाही. आधी अर्धा तास नुसती लाकडं. आमचे लोक पेटी घेऊन उभे, टाकू का, टाकू का, आणि हे नाही म्हणून मान हलवतायत आणि चिमणीच्या टोकाकडे बघतायत. धूर दिसेनासा झाला, नुसती हवा थरथरताना दिसायला लागली, तेव्हा एक पेटी टाकली आणि झाकण लगेच बंद. लगेच काळा धूर आला, ते थांबले, काळ्याचा राखाडी, राखाडीचा काहीच नाही, मग दुसरी. मधेमधे एक लाकूड. थर्मामीटर असेल तर ८०० बघा, नसेल तर चिमणी हाच थर्मामीटर. काळा धूर राहिला तर माल जास्त झालाय किंवा हवा कमी पडतेय, पांढरा दाट धूर म्हणजे कचरा ओला आहे नाहीतर भट्टी गार पडलीय. दोन्हीत उपाय एकच, पुढची पेटी हातात धरून ठेवा. ओलं आणि सुकं आलटून पालटून, आणि शेवटची पेटी टाकल्यावर परत दहा-पंधरा मिनिटं लाकडांचा जाळ, म्हणजे आत अर्धवट काही राहत नाही.

काय टाकायचं नाही ते तोंडपाठ करा. बंद अँप्युल आणि व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या-बाटल्या, फुटतात, झाकण उडवतात, आणि काच वितळून जाळीत बसली की भट्टी कायमची बाद. पीव्हीसीचं वर सांगितलंच. पाऱ्याचे थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटरच्या बॅटऱ्या, स्प्रेचे डबे, एक्सरे फिल्म नाही. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीच) भिजवलेलं काहीही नाही, त्यात क्लोरीनच आहे, तरी "निर्जंतुक करून मग जाळतो" म्हणणारे शहाणे भेटतातच. औषधं नाहीत, त्यांच्या स्ट्रिपही बऱ्याचदा पीव्हीसीच्याच असतात. वार वेगळ्या खड्ड्यात. रक्ताचे कापूस-बँडेज चालतात पण थोडे थोडे.

पेटवणाऱ्याच्या अंगावर काय पाहिजे: जाड चामड्याचे हातमोजे, बूट, गॉगल, सुती लांब बाह्यांचा शर्ट आणि एन९५ तरी. निळा सर्जिकल मास्क धुराला काहीही करत नाही. आणि नायलॉनची डाऊन जॅकेटं घालून भट्टीजवळ मिरवू नका, एक ठिणगी आणि दहा हजार रुपये गेले.

राख त्याच दिवशी काढायची नाही. रात्रभर गार होऊ दे, सकाळी फावड्याने, हाताने नाही, कारण सुया त्यात असतातच, बोथट झालेल्या पण टोचण्याइतक्या. ही राख शेतात नाही, नदीत नाही, भांडी घासायला तर अजिबात नाही (हसू नका). तिला वेगळा खड्डा पाहिजे, विटा-सिमेंटने बांधलेला, वर झाकण, पाण्याच्या झऱ्यापासून ५० मीटर तरी लांब, आणि तळ भूजलाच्या दीड-दोन मीटर वर. उतारावर असाल तर झऱ्याच्या वरच्या अंगाला कधीच नको, मग अंतर कितीही असो.

भट्टी नाही, ऑटोक्लेव्ह नाही, गाडीरस्ता पण नाही, असं झालं तर? मग सुयांना सिमेंटमध्ये कोंडा. पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा डबा तीन-चतुर्थांश सुयांनी भरला की वरून सिमेंट-वाळूचा पातळ माल ओता, हलवून सगळीकडे जाऊ द्या, घट्ट झाल्यावर पुरा आणि जागा चौकीच्या रजिस्टरमध्ये लिहा. सिमेंटची गोणी खेचरावरून येते, किंमत ऐकून डोळे पांढरे होतील, पण कॅम्पमधल्या सुयांपुरती एक गोणी पुरते.

कॅम्प चालू असतानाचं थोडक्यात. सेफ्टी बॉक्स इंजेक्शन देणाऱ्याच्या हाताजवळ, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही, आपल्या सवयी वाईट आहेत, मुंबईतही. पुढे जाळायचं असेल तर सुई कापायच्या कटरची गरज नाही, सिरिंज सुईसकट पेटीत. ऑटोक्लेव्ह करून प्लास्टिक भंगारात जाणार असेल तर कटर. पेटी तीन-चतुर्थांश भरली की बंद, दाबून आणखी चार बसवायच्या नाहीत, टोचण्याचे निम्मे प्रकार तिथेच होतात असं माझं म्हणणं आहे. रंगांवर विसंबू नका, आपल्या पिवळ्या-लाल पिशव्यांचा अर्थ तिथे तोच असेल असं नाही, देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहा, सगळे वाचतात. सकाळी किती सिरिंज काढल्या आणि संध्याकाळी पेटीत किती गेल्या याचा एका माणसाने मेळ घालायचा.

आणि कोणाला टोचलीच तर. जखम पिळायची नाही, चोखायची नाही, वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची. हेपॅटायटिस बीची लस नसेल आणि पेशंटला ते असेल तर लागण व्हायची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, एचआयव्हीची ०.३ टक्के. त्यामुळे बीचे तिन्ही डोस निघायच्या आधी झालेले पाहिजेत, ते ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे दिवाळीनंतर जायचं तर वैशाखातच सुरू करायला हवं. राख काढणाऱ्या तिथल्या माणसालाही विचारा त्याचे झालेत का, बहुतेक झालेले नसतात. एचआयव्हीसाठीच्या गोळ्या दोन तासांत घेतल्या तर उत्तम आणि ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि पहाडात ७२ तासांत विमान रद्द होऊन तुम्ही त्याच गावात बसलेले असू शकता, म्हणून सुरुवातीचे डोस डॉक्टरांकडून लिहून घेऊन मुंबईतूनच बरोबर न्या आणि ते कोणाच्या सॅकमध्ये आहेत ते सगळ्यांना माहीत असू द्या.